दावणीचं काय करायचं? एका माळकरी खिलारवाल्याच्या मागे घेतलेले निर्णय

ही हकीकत आटपाडी-सांगोला पट्ट्यातल्या एका घराची आहे. गाव, नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. त्या घरातल्या वडिलांच्या स्मरणपुस्तिकेचं काम माझ्याकडे आल्यामुळे घरच्या बैठकींना मी बसलेलो असायचो. वडिलांना गावात सगळेच आबा म्हणत, म्हणून इथेही आबाच.

पार्श्वभूमी

आबा ऑक्टोबर 2022 मध्ये गेले, वयाच्या 71 व्या वर्षी. कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते आणि देवळात काकडा सुरू झाला होता. पहाटे काकड्याहून आले, टोपी खुंटीला अडकवून गोठ्यात गेले आणि गव्हाणीपाशीच कोसळले. डॉक्टर पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यांच्या दावणीला तेव्हा चौदा खिलार जनावरं होती. वेताच्या पाच गायी, दोन म्हाताऱ्या भाकड, तीन कालवडी, एक वळू, एक आदत (अजून दात न लागलेला) खोंड आणि पाखऱ्या-सोन्या ही थकलेली बैलजोडी. खिलार ही माणदेशाची जात. काटक, चपळ, उन्हाला आणि लांबच्या चालीला न हटणारी. दूध मात्र बेताचं: वासराला पाजून दोन-तीन लिटर. तिची खरी कमाई बैलात होती. ट्रॅक्टर घरोघरी आला तसा शेतकामाच्या बैलाचा भाव पडला. पुढे टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं आणि चराऊ माळांवर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. आबांनी तरी सहा एकरांतली मालदांडी सोडली नाही. ज्वारी घराला, कडबा जनावरांना.

1972 च्या दुष्काळात आबा विशीत होते. वडिलांबरोबर जनावरं हाकत कृष्णाकाठी जगायला गेले, येताना निम्मीच परत आली. 2013 आणि 2019 या दोन्ही दुष्काळांत त्यांनी चारा छावणीत जनावरांजवळ मुक्काम ठोकला. छावणीतल्या लोकांना जमवून तिथे संध्याकाळचा हरिपाठ सुरू केला. त्या छावण्यांत राहिलेली माणसं अजूनही पाण्याच्या टँकरच्या आठवणींआधी त्या हरिपाठाची आठवण काढतात.

गळ्यात तुळशीची माळ होती. एकादशी कधी मोडली नाही. गावातून थेट पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंडीत ते दरसाल असायचे, फक्त 2020 आणि 2021 ला करोनामुळे दिंडी निघाली नाही. त्यांची एक रीत मला फार बोलकी वाटते. आषाढीनंतर एक-दोन दिवसांतच महाराष्ट्री बेंदूर येतो. दिंडीतले बाकीचे पौर्णिमेच्या काल्यापर्यंत थांबत. आबा एकादशी करायचे, बारस सोडायचे आणि मिळेल त्या एसटीने घर गाठायचे, कारण बेंदराला बैलांच्या खांद्याला हळद-तूप त्यांनाच लावायचं असे. सोमवारी औत धरायचं नाही हा त्यांचा नेम होता. उशिराच्या पेरणीतही तो सोमवार टळला नाही.

घरात आई (आबांच्या पत्नी), चाकणला कारखान्यात असलेला थोरला मुलगा, गावात डाळिंब आणि चार संकरित गायी सांभाळणारा धाकटा आणि सांगलीकडे दिलेली, परिचारिकेची नोकरी करणारी मुलगी.

अडचण

लोक भेटायला येत होते. पाचव्या दिवशी एक ओळखीचा हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, आला. बराच वेळ बसला, आबांच्या जुन्या सौद्यांच्या गोष्टी सांगितल्या आणि उठताना धाकट्याला बाजूला घेऊन सगळ्या दावणीची एकगठ्ठा बोली करून गेला. पाच लाख ऐंशी हजार. म्हणाला, "रात्रीतनं गाडी लावतो, तुमच्या डोक्याचा ताप जाईल."

तो काळ लम्पीचा, जनावरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथीचा होता. सप्टेंबरपासून राज्यात जनावरांचे बाजार बंद होते आणि वाहतुकीवर बंदी होती. गोठ्यातल्या पवळी गायीला गाठी येऊन गेल्या होत्या. आबांनी शेवटचे पंधरा दिवस कडुलिंबाच्या पाण्याने तिला शेकण्यात घालवले होते. बाकीच्यांना शेळ्यांच्या देवीची लस टोचलेली होती. लम्पीने दगावलेल्या गायीला सरकार 30,000 रुपये, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 देत होतं, आणि त्या दिवसांत माणसं बाजारभावाऐवजी हेच आकडे बोलत होती. रात्रीतून गाडी लावणं म्हणजे बंदी मोडणं. धाकट्याने त्या एका कारणावर हेड्याला थांबवलं. मनातून त्याला विकायचं होतं, हे त्याने नंतर सगळ्यांसमोर सांगितलं. पण त्या बंदीमुळे घराला विचार करायला वेळ मिळाला. बाजार चालू असते तर दहाव्याच्या आत दावण रिकामी झाली असती, असं मला वाटतं.

खरी अडचण दहाव्याच्या रात्री उघडी पडली. थोरला म्हणाला, "आबांनी दारचं जनावर कधी विकलं नाही. एकही विकायचं नाही." धाकटा म्हणाला, "आबांना माहीत होतं की माझ्याच्यानं हे होणार नाही. त्यांनीच मला सांगितलं होतं, माझ्यामागं काढून टाक म्हणून." चुलते म्हणाले, आबांच्या मनात वेशीत कमान उभी करायची होती, माऊलींच्या नावाची. दिंडीतला जोडीदार म्हणाला, आबांनी आपल्याजवळ बोलून दाखवलं होतं की जेवणावळी घालू नका, तो पैसा दिंडीच्या अन्नदानाला द्या.

चौघेही खरं बोलत होते, निदान त्यांना तसं वाटत होतं. आबांच्या नावाने चार वेगवेगळ्या गोष्टी मागितल्या जात होत्या, आणि ज्याची त्याची मागणी ज्याच्या त्याच्या सोयीची होती. चाकणला राहणाऱ्याला जनावरं ठेवायचा खर्च नाही. गावात राहणाऱ्याला रोज पन्नासेक पेंड्या तोडून टाकायच्या, दुपारी चार तास चारायला न्यायचं, आणि संकरित गायींची धार वेगळी. आबा हे सगळं करत तेव्हा त्याचा हिशेब कुणी मांडला नव्हता, कारण आबांच्या कष्टाला मजुरी लागत नव्हती.

समोर असलेले पर्याय

दावणीबाबत चार वाटा होत्या. सगळी ठेवायची, बाजार सुरू झाल्यावर सगळी विकायची, गोशाळेला द्यायची, किंवा निवड करून काही ठेवायची, काही वाटायची.

सगळी ठेवायची तर गडी लागणार होता आणि विकतचा कडबा. धाकट्याच्या बागेला त्या वर्षी तेल्या रोग लागलेला होता, त्यामुळे हे त्याला झेपणारं नव्हतं. विकायचं म्हटलं तर खोंडाला आणि कालवडींना गिऱ्हाईक होतं. म्हातारे बैल आणि भाकड गायी कोण घेणार? मार्च 2015 पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. तेव्हापासून थकलेल्या जनावराला सरळ मार्गाने घेणारा उरला नाही. हेडी त्यांनाही धरूनच भाव करत होता. तो त्यांना कुठे नेणार, हे विचारायला कुणी धजावलं नाही, पण प्रश्न सगळ्यांच्या डोक्यात होता.

गोशाळेची वाट थोरल्याने सुचवली होती. दोघे भाऊ एक गोशाळा बघून आले. माणसं भली होती, पण जागा भरलेली होती आणि प्रत्येक जनावरामागे देणगीची अपेक्षा होती. धाकट्याला एक गोष्ट खटकली: तिथे खिलार, देवणी, संकरित सगळी एकत्र होती आणि कुठली गाय कुठल्या वळूला दाखवली याची नोंद नव्हती. त्याने घरी येऊन सांगितलं, "जगतील तिथं, पण आबांची जनावरं म्हणून नाही जगणार."

स्मरणाच्या बाबतीत पर्याय नेहमीचेच: तेराव्याला गावजेवण, वेशीतली कमान, कीर्तन आणि अन्नदान, छापील पुस्तिका. आमच्या भागात तेराव्याच्या जेवणावरून घराची पत मोजली जाते, हे इथे सांगितलंच पाहिजे. कर्ज काढून जेवणावळ उठवलेली घरं मी पाहिली आहेत, आणि ते कर्ज फेडता फेडता मेलेल्या माणसाचा राग येऊ लागलेलाही पाहिला आहे.

एक नियम

दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी वसुबारस होती. सुतकात पूजा नव्हती. आई गोठ्याच्या दारात बसून होत्या. तिथेच मुलीने सगळ्यांना बोलावलं आणि एक अट घातली. यापुढे कुणी "आबा असते तर" किंवा "आबांच्या मनात होतं" असं म्हणायचं नाही. "आबांनी असं केलं होतं" एवढंच म्हणायचं, आणि कधी केलं होतं तेही सांगायचं.

या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी हाच मानतो. जनावरांचा निर्णय त्यातून आपोआप सुटला नाही, पण भांडणाचं रूप बदललं. गेलेला माणूस उलट बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या तोंडी हवं ते घालता येतं. त्याने केलेल्या कामाच्या खुणा मात्र कुणाला बदलता येत नाहीत.

त्या खुणा भिंतीवरच होत्या. आबा दिनदर्शिका टाकून देत नसत. 1996 पासूनच्या सगळ्या एकाच खिळ्याला, एकावर एक. तारखांच्या चौकोनांत शिसपेन्सिलीने दोन-चार शब्द. "हरणी दाखवली." "ओढा वाहिला." "दिंडी निघाली." "तांबू व्याली, कालवड." गायीला वळू दाखवल्याच्या तारखेपासून नऊ महिने नऊ दिवस मोजून पुढच्या पानावर एक फुली. पुस्तिकेसाठी काही सापडतं का बघायला म्हणून मी त्या उतरवल्या. धाकटा आणि मी चार रात्री बसून विक्रीच्या नोंदी वेगळ्या काढल्या.

"आबांनी कधी जनावर विकलं नाही" हे पहिल्याच रात्री खोटं ठरलं. ते जवळपास दरवर्षी विकत होते. खरसुंडीच्या सिद्धनाथाची पौषी यात्रा, नाहीतर सांगोल्याचा रविवारचा बाजार. 2005 साली एक कोसा खोंड त्यांनी शर्यतवाल्याला दिल्याची नोंद होती, "शर्यतीस" असा स्पष्ट शब्द होता. 2008 च्या जूनमध्ये लिहिलं होतं: "जोडी दिली. पोरीची फी." मुलीला तोवर सांगितलेलं होतं की परिचारिकेच्या शिक्षणाचे पैसे पतसंस्थेतून काढले. ती ती नोंद बराच वेळ बघत राहिली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

"माझ्यामागं काढून टाक" यालाही नोंदींचा आधार नव्हता. 2012 च्या उन्हाळ्यात, दुष्काळाची चिन्हं दिसताच, आबांनी चार जनावरं विकली होती आणि नंतर छावणीच्या काळात एकही नाही. 2018 लाही तसंच. दुष्काळ पडला की बाजारात जनावरांची रीघ लागते आणि भाव कोसळतो. आबा त्याच्या आधी दावण हलकी करत आणि मग उरलेल्यांना घट्ट धरून बसत. धाकटा म्हणाला, "मला हे त्यांनी कधी सांगितलं नाही." सांगितलं नसेलच. आबा दाखवून शिकवणारे होते, बोलून नव्हे. थोरल्याला दहावीत असताना त्यांनी एक शब्द न बोलता सुट्टीभर दावणीला उभं केलं होतं, तेवढाच त्यांचा उपदेश.

आईंची वेल

दिनदर्शिकेत एक गोष्ट मात्र नव्हती: कोण कुणाची. "हरणी" हे नाव 1996 लाही होतं आणि 2022 लाही. गाय इतकी जगत नाही. आम्ही दोघे गोंधळलो. आई धार काढून आल्या आणि सहज म्हणाल्या, "आरं ती हरणी न्हवं. ती तिच्या पोरीची पोर. मधली एक तांबू म्हणून व्हती, ती छावणीत गेली. तिची ही."

मग आई बोलत गेल्या आणि धाकटा लिहीत गेला. पहिली हरणी त्यांच्या माहेराहून आलेली, लग्नानंतर दोन वर्षांनी, आंदणात. आज दावणीला असलेल्या वेताच्या गायींपैकी तीन आणि कालवडींपैकी दोन तिच्या वेलीच्या, म्हणजे वंशाच्या. बाकीच्या बाजारातून आणलेल्यांच्या. कुठली आटायला उशीर करते, कुठलीला पहिलटकरीण असताना वार पडली नव्हती, कुठलीची खोंडं नांगराला शांत निघतात, सगळं त्यांना पाठ होतं. आबांनी विकलेल्या जनावरांची यादी पुन्हा काढली. हरणीच्या वेलीतले खोंड विकले होते, मादी एकही नाही. सव्वीस वर्षांत एकही नाही.

आबांचं धोरण म्हणून जे आम्ही शोधत होतो, ते दोघांचं मिळून होतं. बाजार, वळू आणि रान आबांकडे; धार, वासरं आणि नाती आईंकडे. पुस्तिकेचा आराखडा मी त्या रात्री बदलला. तोवर त्यात आई फक्त "धर्मपत्नी" म्हणून एका ओळीत होत्या.

घेतलेले निर्णय

वेल ठेवायची, बाकीचं हलकं करायचं, एवढं ठरल्यावर पुढचं लवकर ठरलं.

हरणीच्या वेलीतल्या तीन गायी आणि एक कालवड घरी राहिली. दुसरी कालवड मुलीला द्यायचं आईंनी सुचवलं. त्यांचं कारण व्यवहाराचं होतं: "सगळी येकाच दावणीला नको. रोग शिरला तर येल बुडंल." लम्पी डोळ्यांसमोर असताना हे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. पण त्यात आणखीही एक गोष्ट होती. सातबाऱ्यावर वारस नोंद लावताना मुलीचं नाव लागतं, कायद्याने लागतंच. जनावरांना सातबारा नसतो. बापाच्या दावणीतला हिस्सा लेकीला मिळाल्याचं आमच्याकडे मी आधी ऐकलं नव्हतं. वाहतुकीची बंदी उठल्यावर कालवड तिच्या सासरी गेली.

बाजारातून आणलेल्या वेलीच्या दोन गायी आणि एक कालवड दिंडीतल्या जोडीदाराला अर्धलीने दिल्या. सांभाळ त्याचा, होणाऱ्या वासरांत निम्मा वाटा घरचा. दोन्ही बैल आणि भाकड गायी मरेपर्यंत घरीच. यावर चर्चाही झाली नाही. वळू मात्र बदलावा लागला. तो तीन वर्षं दावणीला होता, त्याच्याच कालवडी आता माजावर येणार होत्या. आबा तीन-चार वर्षांनी वळू बदलत, हे नोंदींत दिसत होतं. दोन गावं पलीकडच्या एका खिलारवाल्याशी अदलाबदल झाली.

राहिला खोंड. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिल्यापासून चांगल्या खोंडाचे भाव चढले होते. शर्यतीमुळेच खिलार टिकली, असं या भागातले बरेच जण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. जनावराला मारझोड होते असंही म्हणतात, तेही खोटं नाही. 2005 ची नोंद समोर होती. एप्रिल 2023 मध्ये दोघा भावांनी खरसुंडीच्या चैत्री यात्रेत त्याला एक लाख नव्वद हजारांना शर्यतवाल्याला दिला.

आईंना त्यांनी विचारलं नाही. तो खोंड त्याची गाय मेल्यामुळे बाटलीने वाढवलेला होता, आणि वाढवला होता तो आईंनी. भाऊ परत आले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त त्या आठवड्यात गोठ्याकडे फिरकल्या नाहीत.

तेरावा आणि पुस्तिका

तेराव्याला भावकी आणि दिंडीची माणसं एवढीच जेवायला होती. चुलते नाराज झाले, कमानीचा आग्रह त्यांनी वर्षभर धरला. कमानीसाठी आबांनी कधी एक रुपया बाजूला ठेवल्याची नोंद नव्हती. दिंडीच्या अन्नदानाला मात्र दर आषाढात ज्वारीचं एक पोतं गेलेलं होतं. तेच पुढे चालू ठेवायचं ठरलं, दोन पोत्यांचं.

2023 ला अधिक श्रावण आल्यामुळे वर्षश्राद्धाची तिथी ऑक्टोबरच्या अखेरीवर गेली. पुस्तिका त्या दिवशी वाटली. चोवीस पानं. गुणगौरवाच्या कविता नाहीत, पुढाऱ्यांचे संदेश नाहीत. दिनदर्शिकेतल्या निवडक नोंदी तारखेसह, छावण्यांची हकीकत, हरणीची वेल आईंनी सांगितली तशी, आणि शेवटी आबांची वैरणीची पद्धत: कडबा कसा कुट्टी करायचा, गाभण गायीला शेवटच्या दोन महिन्यांत काय वाढवायचं. तीनशे प्रती काढल्या होत्या. आसपासच्या गावांतून अजून मागणी येते ती त्या शेवटच्या पानांसाठी. वेलीचं पान बघून एक जण भेटायला आला. त्याच्या वडिलांनी 1999 ला आबांकडून खोंड नेला होता आणि त्याला तो हरणीचा होता का, एवढंच विचारायचं होतं. होता.

पुढे काय झालं

जून 2023 च्या वारीला आई दिंडीत चालल्या, वयाच्या 66 व्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. आबा वारीला जात तेव्हा दावणीला आईंना थांबावं लागे, हे इतकं गृहीत होतं की त्यांना जायचं आहे का हे कुणी विचारलेलंच नव्हतं. त्या दिवसांत गोठा थोरल्याने सांभाळला, कारखान्यातून रजा काढून. बेंदराला त्याही एकादशी करून घरी परतल्या.

अर्धलीच्या गायींपैकी एक व्याली, खोंड झाला. तो जोडीदाराकडेच ठेवला. मुलीकडची कालवड 2024 च्या सुगीत गाभण राहिली. सोन्या बैल त्याच उन्हाळ्यात गेला आणि बांधालाच पुरला. पाखऱ्या आहे.

पैशाच्या बाजूने हे फायद्याचं नाही, ते झाकण्यात अर्थ नाही. धाकट्याच्या संकरित गायी घर चालवतात, खिलार आपला कडबा आणि शेणखताचा हिशेब कसाबसा जुळवते. सप्टेंबर 2024 अखेर राज्य सरकारने देशी गायीला "राज्यमाता-गोमाता" म्हटलं आणि रोज 50 रुपयांचं अनुदान जाहीर केलं, ते नोंदणीकृत गोशाळांतल्या गायींसाठी. दारात पिढ्यान्‌पिढ्या वेल सांभाळणाऱ्याला त्यातलं काही नाही. जात टिकते ती अशा दावणींवर, आणि मदत तिथवर पोहोचत नाही याची मला खंत वाटते.

दोघा भावांत आता ताण नाही असं म्हणणार नाही. थोरला दरमहा ठरलेली रक्कम कडब्यासाठी पाठवतो. हे ठरायला मात्र सहा महिने लागले, आणि ते ठरेपर्यंत धाकट्याचं "तू फक्त बोल" हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकलं.

वेगळं काय करता आलं असतं

खोंडाचा निर्णय पुन्हा घ्यायचा झाला तर मुलगी म्हणते, नियमाला एक जोड हवी होती. आबांनी काय केलं हे बघायचं ठरलं, पण जे माणूस जिवंत आहे आणि त्या जनावरापाशी राबलं आहे त्याला आधी विचारायचं, हे ठरलं नाही. नोंद 2005 ची होती आणि आई समोर बसलेल्या होत्या. आबांचं ऐकण्याच्या नादात भावांना त्या दिसल्या नाहीत. हे मला पटतं. खोंड कदाचित तरीही विकला गेला असता, पण शर्यतवाल्याला की शेतकऱ्याला हे आईंनी ठरवायला हवं होतं.

खर्चाची वाटणी जनावरांच्या वाटणीबरोबर, त्याच बैठकीत व्हायला हवी होती. भावना ओल्या असताना थोरला जे आनंदाने कबूल झाला असता, ते सहा महिन्यांनी मागावं लागलं.

वेल आबा असतानाच लिहून ठेवता आली असती. 2021 च्या लॉकडाऊनमध्ये थोरला चार महिने घरी होता, दोघे रोज गोठ्यात एकत्र असत. आईंना विचारण्याची मात्र गरज कुणालाच कधी वाटली नव्हती, आणि ज्यांच्या घरी आज असे आबा आहेत त्यांना मी हेच सांगतो: वही घेऊन आधी धार काढणाऱ्या हातांपाशी बसा.

एक काम अजून अडलेलं आहे. जनावरांच्या कानातले बारा आकडी बिल्ले आबांच्या नावावर नोंदलेले आहेत. ते बदलून घेताना प्रत्येक बिल्ल्यापुढे वेल लिहायची असं धाकट्याने ठरवलंय, म्हणजे जनावर कुठेही गेलं तरी कोण कुणाची हे राहील. तीन बिल्ले तुटून पडले आहेत, ते नव्याने मारायचे आहेत. वळूची तीन वर्षंही संपत आली आहेत आणि आसपास बदलीला वळू उरलेला नाही. पशुवैद्यकाने खिलारचं गोठवलेलं रेत मिळवून देतो म्हटलंय. आईंना आधी तो वळू डोळ्यांनी बघायचा आहे ज्याचं ते असेल. बेंदरानंतर त्यांना तिकडे घेऊन जायचं ठरलं आहे.